एक निरी जास्त

उत्तरावहिनीच्या साडीला एक निरी जास्त पडली होती. आमसुली रंगाची ही साडी वहिनी गेल्या वर्षी नेसली होती, तेव्हा पिन क्षमानेच लावून दिली होती. त्या वेळी सहा निऱ्या बसल्या होत्या, आणि सहावी ओढूनताणून आणलेली, अर्धवट. आज सात होत्या. सातवीसुद्धा बाकीच्यांसारखीच पुरती वीतभर. साडीची लांबी तर बदलत नाही. कमरेभोवती कापड कमी लागलं की उरलेलं पुढे येतं आणि त्याची निरी होते. क्षमा पार्ल्याच्या ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत असे. पदार्थ नाहीसा होत नाही, इथून गेला की तिथे सापडतो, हे ती दरवर्षी अकरावीच्या नव्या वर्गाला सांगे. वहिनीच्या कमरेवरून जे गेलं होतं ते आता असं समोर, नीट घडी घालून, दिसत होतं.

"पिन लाव गं जरा," वहिनी आरशातून म्हणाली. तिला डोंबिवलीला मावसबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला जायचं होतं. "आणि खरं सांग, बरी दिसतेय ना? ब्लाउज दोन्हीकडून आत घ्यावा लागला."

"छान दिसतेस," क्षमा म्हणाली. पिन वाकडी गेली. तिने ती काढून पुन्हा लावली.

"मी काही केलंच नाही बघ. नुसता रात्रीचा भात सोडला."

या वाक्याचा क्षमाला जेवढा राग आला, तेवढा आजवर कुठल्याच वाक्याचा आला नव्हता.

रात्रीचा भात तिने स्वतः वर्षापूर्वीच सोडला होता. पाठोपाठ साखर, मैदा, तळलेलं, कॉलेजच्या कँटीनमधला चहासुद्धा. सकाळी उठून ती हॉलमध्ये चटई टाकून व्यायाम करी. दुपारी डब्यात नाचणीची भाकरी, उकडलेली भाजी आणि मूग. संध्याकाळी पार्ल्याहून अंधेरीपर्यंत हायवेच्या सर्व्हिस रोडने चालत घरी. पहिल्या महिन्यात तीन किलो उतरलं. मग काटा जो अडला तो अडलाच. थायरॉइड तपासलं, ठीक निघालं. आहारतज्ज्ञ बाईंनी भाकरी अर्धी केली. काटा हलला नाही. कमी मिळतंय हे कळलं की शरीर खर्चच कमी करतं, आणि पन्नाशीच्या अलीकडे बायकांचं शरीर आणखीनच चिकट होतं, हे तिने वाचलं होतं. कारण कळलं म्हणून काटा थोडाच खाली येतो. सोसायटीतल्या कुंदाकाकू मात्र लिफ्टमध्ये भेटल्या की म्हणत, "उत्तराने काय कमाल केलीय गं! तूही जात जा ना तिच्याबरोबर चालायला."

बारीक दिसण्यासाठी हे सगळं चाललं असतं, तर तिने कधीच सोडून दिलं असतं. पण हे दादासाठी होतं.

दादा, म्हणजे नंदकिशोर, विमा कंपनीत होता. रक्तदाबाने त्याच्या दोन्ही किडन्या निकामी केल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला जावं लागे. बायकोचा आणि बहिणीचा, दोघींचाही रक्तगट त्याला चालणारा निघाला. पुढच्या तपासणीत बहिणीची जुळणी जास्त चांगली ठरली. पण दोघींचं वजन जास्त होतं. एवढ्या वजनावर ऑपरेशन केलं तर देणारीच्याच जिवावर बेतायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आधी वजन उतरवा, मग या. घरी त्याच दिवशी ठरलं की क्षमा पहिली, उत्तरा राखीव. 'क्षमाची किडनी' असं घरात बोललं जाऊ लागलं. जणू कपाटात बांधून ठेवलेली वस्तू, मुहूर्त आला की काढायची.

क्षमाला ते ऐकायला आवडे. आईवडील गेल्यावर ती याच फ्लॅटमध्ये, भावाच्या संसारात राहिली होती. तिला खोली होती, किल्ली होती, मान होता. पण इतक्या वर्षांत या घरात असं एकही काम नव्हतं जे तिच्याशिवाय अडलं असतं. दादाचं जेवण, औषधं, मुलीची, स्वरदाची शाळा, आता स्वरदाचं मणिपालचं हॉस्टेल, सगळं वहिनीचं. हे एकच असं होतं की जे आईच्या पोटातून दोघांनी वाटून आणलं होतं, आणि तिथे वहिनीचा हात पोचत नव्हता.

आणि आता वहिनीचा ब्लाउज दोन्हीकडून आत घ्यावा लागला होता.

खरं म्हणजे क्षमाला हे आधीच कळलं होतं. आषाढात ती एकटीच दोघींचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेली होती. ते म्हणाले, "तुमच्या वहिनींचं छान उतरतंय. त्यांची चालेल आपल्याला. जुळणीत तुम्ही सरस आहात, पण आताची औषधं चांगली आहेत, तेवढा फरक राहत नाही. थांबण्यात पेशंटचं नुकसान जास्त. घरी बोला आणि मला कळवा."

ती घरी आली. दादाने विचारलं, "काय म्हणाले?" क्षमा चपला काढत म्हणाली, "चालू ठेवा म्हणाले." त्यात खोटं काही नव्हतं. पण सगळं खरंही त्यात नव्हतं, आणि त्यानंतर श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळी गेली.

आषाढातल्या त्याच आठवड्यापासून ती पार्ल्याहून खरवस आणू लागली.

वहिनीचं माहेर पार्ल्याचं. त्या माहेरच्या घरामागच्या डेअरीत चांगला, वेलची घातलेला खरवस मिळे. दर शनिवारी क्षमा तो डबा घेऊन चालत घरी येई. कधी बेसनाचे लाडू, कधी वरणावर न विचारता चमचाभर जास्त तूप. "घे गं वहिनी, दिवसभर राबतेस." वहिनी खाई. पुढच्या आठवड्यात ती आणखी थोडी हलकी दिसे.

"मला नाही ना कोण विचारत," दादा खुर्चीतून म्हणे. त्याला दूध, केळं, नारळपाणी, सगळ्याची बंदी होती, पाणीसुद्धा मापून. "क्षमे, खरं सांग हं. कॉलेजच्या नाक्यावरचा वडापाव कोण खातं? भूत?"

"दादा, पुरे."

"अगं मस्करी गं. पण वाट लागली म्हणायची! एक बाई खरवस खाऊन वाळतेय, दुसरी मूग खाऊन तशीच."

वहिनी त्याच्यावर डोळे वटारी. क्षमा हसे, आणि खोलीत जाऊन चटई पसरून दुसऱ्यांदा व्यायाम करी, गुडघे कुरकुरेपर्यंत.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, दादा आत झोपला होता. क्षमाने खरवसाची वाटी वहिनीसमोर ठेवली. वहिनीने ती बोटाने मागे सारली.

"नको मला."

"थोडा घे ना. तुझ्या माहेरचा आहे."

"एक विचारू? तू मला का भरवतेस?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे तू स्वतः शिवत नाहीस. ह्याला दूध चालत नाही. स्वरदा तिकडे. घरात खाणारी मी एकटी, आणि तू अर्धा किलो आणतेस, दर शनिवारी."

क्षमा ओट्यावरचं फडकं घेऊन कोरडी जागा पुसू लागली.

"ते ठेव बाजूला," वहिनी म्हणाली. "मी काय वेडी आहे का गं? मला पहिल्या महिन्यातच कळलं. खाल्लं, कारण नाही म्हटलं असतं तर तू काहीतरी बोलली असतीस, मीही बोलले असते, आणि आत ह्याने ऐकलं असतं. तू आणायचीस, मी खायचे आणि सोमवारी बागेत दोन फेऱ्या जास्त मारायचे."

"मग सांगायचंस ना."

"काय सांगू? माझं उतरलं तर तुझा नंबर जाईल म्हणून तुला भीती वाटते, हे मी सांगू तुला? अगं, मी मागेच उभी आहे. तू पहिली हे मी तेव्हाच कबूल केलंय. पण तुझं उतरत नाहीये, क्षमा."

"मी करत नाही का?" क्षमाचा आवाज चढला. "मी चोरून खाते असं वाटतं ना तुलाही?"

"नाही," वहिनी शांतपणे म्हणाली. "मी बघते ना रोज. तू करतेस त्याच्या निम्मंसुद्धा मी करत नाही. तरी माझं जातं आणि तुझं जात नाही. मला काय माहीत का ते."

तिने आरोप केला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ही बाई विश्वास ठेवत होती, आणि तोही जिंकणाऱ्याच्या मोकळेपणाने. क्षमाने वाटी उचलली आणि खरवस कचऱ्याच्या डब्यात टाकला. नवरा हिचा, मुलगी हिची, हे घर हिच्या हाताने चालणारं, आणि आता त्याच्या पोटातही हीच जाऊन बसणार. नंतर कुणी विचारलं तर दादा सांगेल, बायकोने दिली. बहीण? ती फार जाड होती हो.

असं पुढचे कित्येक दिवस तिच्या डोक्यात चाललं होतं. बोलणं दोघींचं नीटच होतं. वहिनीने खरवसाचं नाव काढलं नाही. क्षमाने रात्रीची भाकरीही बंद केली.

पुढे एका शनिवारी तिला कॉलेजला सुट्टी होती म्हणून ती दादाबरोबर जोगेश्वरीच्या डायलिसिस सेंटरला गेली. वहिनी इडल्यांचा डबा घेऊन बाहेर बाकावर बसली. आत एकाच नातेवाइकाला सोडत. तिथे पेशंटला आधी काट्यावर उभं करतात आणि मशीनवरून उतरवलं की पुन्हा उभं करतात. लघवी होत नसल्यामुळे दोन दिवसांत प्यायलेलं बरंचसं पाणी अंगातच साठून राहतं. ते मशीन काढतं. किती निघालं हे काटा सांगतो. क्षमाला हे अर्थातच माहीत होतं.

शेवटच्या तासात दादाच्या पोटऱ्यांत गोळे आले. तो ओरडला नाही, नुसती चादर मुठीत धरली. शकुसिस्टर धावत आल्या आणि त्याचा पाय धरून तळवा वर दाबत राहिल्या. "होतंय काका, होतंय. अंगातून पाणी जास्त खेचलं गेलं की होतं असं. सोडा श्वास." त्याचं डोकं उशीवर इकडून तिकडे होत होतं. मग गोळा सुटला.

सुया काढल्या, पट्टी बांधली. सिस्टरांनी एका बाजूने आणि क्षमाने दुसऱ्या बाजूने धरून त्याला काट्यावर उभं केलं. "हात सोडा हं ताई, नाहीतर वजन नीट येणार नाही," सिस्टर म्हणाल्या. क्षमाने हात सोडला. आकडा थोडा हलला आणि ठरला. सकाळपेक्षा अडीच किलो कमी.

त्या क्षणी क्षमाच्या मनात जे पहिल्यांदा आलं ते हे, की याचं कसं भराभर उतरतं.

तिला नीट ओळखू आलं ते. वहिनीची सातवी निरी पाहताना जे आलं होतं तेच, तसंच, छातीच्या मधोमध, गरम. तिने त्याला नाव देऊन पाहिलं आणि ते नाव चुकीचं निघालं नाही. ती आपल्या भावावर जळत होती. काट्यावर उभ्या असलेल्या, ओठांची सालं निघालेल्या, पिळून टाकलेल्या फडक्यासारख्या माणसावर. वहिनीवर जळण्याला निदान काही कारण सांगता येत होतं. याला काय सांगणार होती ती?

"किती?" दादाने विचारलं. त्याला वाकून आकडा बघवत नव्हता.

"अडीच."

"बघ." तो काट्यावरून उतरताना तिच्या खांद्यावर रेलला. त्याचं जेवढं वजन तिच्यावर आलं ते फारच कमी होतं. "चार तास झोपून अडीच किलो. आणि तू येडी त्या हायवेने धूळ खात चालतेस. घेतेस का माझी जागा?"

सिस्टर हसल्या. दादाही हसायला गेला, पण हसण्याइतकी हवा त्याच्यात नव्हती. त्याने तिच्या खांद्यावरच डोळे मिटले. "थकलो गं क्षमे," तो म्हणाला. असं तो कधी म्हणत नसे.

तिने त्याला खुर्चीवर बसवलं. सिस्टरांना थांबायला सांगितलं आणि ती दार ढकलून बाहेर आली.

वहिनी बाकावरून उठली. "झालं? कसा आहे? आज फार वेळ लागला. गोळे आले का परत?"

"आले होते. आता बसलाय."

"मी सिस्टरना बोलते, इडली आतच देते त्याला—"

"वहिनी, थांब." क्षमाने तिच्या हातातला डबा घेतला आणि बाकावर ठेवला. तिला वाटलं होतं की बोलताना आवाज फुटेल. फुटला नाही. वर्गात सूत्र सांगताना लागतो तसाच लागला. "डॉक्टरांनी मला आषाढातच सांगितलं होतं, तुझी चालेल म्हणून. थांबू नका म्हणाले होते. मी घरी बोलले नाही."

वहिनीच्या चेहऱ्यावर राग आला. तो तिने लपवला नाही. क्षमानेही नजर हलवली नाही.

"सोमवारी मी तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे येते आणि माझं नाव काढायला सांगते," ती म्हणाली. "दादाला किडनी तू दे."