तिसऱ्या हाताचा थर

त्या संध्याकाळी चिमीच्या बाबांचं बिस्कीट मंत्र्यांच्या छातीवर सगळ्या जगासमोर चहात बुडालं. अर्थात, असं काही घडलंच नाही. वाहिनीच्या नोंदवहीत त्या दिवसापुढे 'प्रक्षेपण सुरळीत' असं लिहिलंय, तेव्हा आपणही घडलं नाही असंच धरून चालू.

चिमी त्या वाहिनीत पडद्यावरच्या पट्ट्या लावायची, आणि तिचे बाबा तिथेच हवामान सांगायचे. सांगून झालं की ते टेबलावर दोन बोटं दोनदा आपटायचे. याचा अर्थ, निघालो, आधण ठेव. घरी टीव्हीसमोर बसलेली आई ते बघून उठायची. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग महिन्यापूर्वी प्रायोजकाची नवी जाडजूड पट्टी आली आणि तिने बोटं गिळली.

"बोटं आपटायची सोडलीत ती सोडलीत, वर कबूलही करत नाही," आई म्हणाली, आणि आधण बंद झालं. बोलणंही जवळपास बंद.

"अगं, रोज आपटतो! पट्टीखाली जातात!"

"मला दिसत नाहीत."

"मग बाबा, निघताना फोन करा ना," चिमी म्हणाली.

"फोन काय, कुणीही कुणालाही करतं," आई म्हणाली. बाबांनीही मान डोलावली. महिन्याभरात दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

पट्टी खाली सरकवायची परवानगी नव्हती. पण चित्रांचे थर असतात: सगळ्यात खाली कॅमेरा, त्यावर पट्टी, त्यावर वाहिनीचं बोधचिन्ह. वरच्याने खालच्याला झाकायचं, हा नियम ऑफिसातही पाळला जायचा. त्या संध्याकाळी चिमीने बाबांच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र आणखी एका थरात घेतलं, बोटांपुरतं कापलं आणि पट्टीच्या वर बसवलं. केसभरही इकडेतिकडे नाही. उद्या हलक्या सरी, म्हणत बाबांनी बोटं आपटली. पट्टीवर, स्वच्छ, दोनदा.

चिमीचे डोळे भरून आले. त्या भरात थर काढायचा राहिला.

पडद्यावर मंत्र्यांचं थेट भाषण सुरू झालं. आपण आता दिसत नाही, या खात्रीने बाबांनी कप ओढला.

"कुणालाही उपाशी राहू देणार नाही," मंत्री म्हणाले, आणि त्यांच्या छातीशी एक हात बिस्कीट घेऊन आला.

कानातल्या यंत्रात निर्माते किंचाळले, "चिमे! मंत्र्यांना तिसरा हात फुटलाय!"

"घरचाच आहे, सर."

"मग घरी ने!"

तिने थर काढला, पण तोवर बिस्कीट भिजून कपात पडलं होतं.

दोघं घरी पोचली तेव्हा टेबलावर वाफाळता चहा होता. बाबांचा चेहरा उजळला.

"बोटं दिसली हो," आई हळूच म्हणाली. कप पुढे सरकवला. "बिस्कीटही दिसलं. डॉक्टरांनी गोड बंद केलंय ना?"

बाबांनी लेकीकडे असं पाहिलं, जणू तिनेच ते खाल्लं होतं.

"तो थर उद्याही ठेव गं," आई म्हणाली.

सकाळी लेखी खुलासा मागवण्यात आला. चिमीने तो अर्जाच्या नमुन्यात दिला:

"महोदय, प्रायोजकाच्या पट्टीच्या वर व बोधचिन्हाच्या खाली माझ्या वडिलांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना कायमस्वरूपी जागा मंजूर व्हावी. मातोश्रींच्या आग्रहास्तव सदर थर बोटे आपटल्यानंतरही पाच मिनिटे चालू ठेवावा, व वडिलांच्या विनंतीवरून त्या पाच मिनिटांत मंत्रिमहोदयांनी सदर थराच्याही वर येऊन व थोडे डावीकडे सरकून कप झाकावा, ही नम्र विनंती."