पितळेवरचं नाव

पाटीवरच्या एमॉसच्या नावातल्या पहिल्या अक्षराच्या पोटात पॉलिशची पांढरी पूड अडकून राहिली होती—हेस्टरने फडक्याचं टोक जिभेवर ओलं करून ती काढली आणि पुन्हा घासायला लागली. चर्चच्या भिंतीवर ही एकच पाटी. पहिल्या महायुद्धावर गावातले अकरा जण गेले, अकराही जिवंत परतले. शेजारच्या गावांच्या चौकांत मेलेल्यांच्या नावांचे दगडी खांब उभे राहिले, या नेदर ॲशकोम गावानं मात्र परतलेल्यांची नावं पितळेवर कोरून देवाचे आभार मानले. उद्या त्याचीच चाळीस वर्षं साजरी व्हायची होती.

"अगं, घासून घासून भावाला पुसून टाकशील!" फुलं मांडता मांडता डोरा म्हणाली. "बाकीच्या दहा जणांनी काय घोडं मारलंय तुझं?"

"तू तुझी डेलिया सांभाळ. गेल्या वर्षी अळ्या निघाल्या होत्या."

नवे पाद्रीबाबा हसत आत आले. "मिस पिल्बीम, हे नाव अगदीच पुसट झालंय हो. नव्यानं कोरून घेऊ. आणि यांतले जे वारले, त्यांच्या कबरींवर उद्या फुलं ठेवायचीत... तुमच्या भावाची कुठं आहे? मला सापडली नाही."

डोराची कात्री थांबली.

...परतल्यावर दुसऱ्या वर्षी, एका सकाळी एमॉसनं लापशी खाल्ली, वाडगा धुतला—जन्मात कधी धुतला नव्हता—पुसून पालथा घातला, आणि गिरणीच्या तळ्याकडे गेला. काठावर कोट घडी करून ठेवलेला. स्वतःहून जीव दिलेल्यासाठी चर्चची घंटा वाजत नाही; त्याच्यासाठीही वाजली नाही. कबरस्तानाच्या उत्तरेच्या भिंतीलगत, झुडपांत पुरला, दगड नाही. सगळ्या गावाला ठाऊक, आणि सगळं गाव गप्प. सांगितलं तर तो परतलेल्यांत कसा राहील? जगात त्याचं नाव कोरलेलं एवढंच, तेही जाईल... न सांगितलं तर उद्या बाकीच्यांच्या कबरींवर फुलं, आणि तो तसाच.

पाद्रीबाबा वाट पाहत होते. हेस्टरनं पाटीकडे पाहिलं. दहा नावं बोटाला टोचतील इतकी धारदार. एकच सपाट होत आलेलं. मायेनं घासलं, असंच ती आजवर समजत आली होती. पण आता तो वाडगा डोळ्यांपुढून हलेना—धुतलेला, पालथा, तिच्यासाठी एक शब्दही न ठेवता... फडकं अजून फिरतच होतं, त्याच एका नावावर, जोरानं. आणि हात थांबवावा असं तिला वाटेना.