गोळीविना आठ दिवस

टच्. पाकिटातून गोळी निघाल्याचा आवाज झाला. चुलीजवळ बसलेल्या माझ्या सासूनं, हिरीआत्यानं, पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळली. आता तिला अडवायचं काही कारण उरलं नव्हतं.

काल सकाळपर्यंत सात दिवस मीच अडवत होते.

जव्हारच्या दवाखान्यात बाहेरचे डॉक्टर यायचे होते. माणसाचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला पिवळसर भाग त्याच्याच गुडघ्यात सोडायचा. आत्याच्या उजव्या गुडघ्यातली गादी अजून थोडी शिल्लक आहे, टिकवायची तर आत्ताच, असं पहिल्या तपासणीत सांगितलेलं. आत्या हसली होती. “माझाच रगत मलाच देतील, मंग डॉक्टरचा काय जातं?”

अट एकच. आधी आठ दिवस दुखण्याची गोळी घ्यायची नाही. सात दिवस तिनं दात आवळून काढले. मी फडक्यात गरम मीठ बांधून गुडघा शेकायचे, तेव्हा ती माझ्याकडे न बघता माझ्या लेकीला, करिष्माला, गोष्ट सांगत राहायची. मधेच थांबायची, मग पुन्हा सांगायची.

आठव्या सकाळी आम्ही तिघी जव्हारच्या डोंगरातल्या वांगणीहून निघालो. आमच्या पाड्यावरून गाडीरस्त्यापर्यंत दोन तासांची पायवाट. तिला डोलीतून उचलून न्यायला चार माणसं लागतात. भातकापणी उरकून पाड्यातले पुरुष, माझा नवरा संदीपसुद्धा, भिवंडीला कामाला गेलेले. ओहोळापाशी आत्या दगडावर बसली ती उठेचना. गाडी चुकली असती तर दिवस हातचा गेला असता. माझ्या पदराच्या गाठीत एक गोळी होती. मला अट माहीत होती. तरी मीच ती तिच्या तळहातावर ठेवली. अर्ध्या तासानं ती उठली. गाडीही मिळाली.

डॉक्टरांनी विचारलं, एवढ्यात दुखण्याची गोळी घेतलीत का? मी काही बोलायच्या आत आत्या कौतुकानं म्हणाली, “घेतली ना, आज सकालीच. सुनंनं दिली. बेस हाय माझी सून.”

डॉक्टर रागावले नाहीत. सुई ट्रेमध्ये परत ठेवून त्यांनी सांगितलं, रक्तातल्या ज्या कणांचं औषध करायचं, त्यांनाच ही गोळी गप्प करते; आज काही करता येणार नाही. पुन्हा कधी येणं होईल ते त्यांनाही माहीत नव्हतं.

जीपमध्ये बसल्यावर मी आत्याला सगळं समजावलं. तिनं माझा हात तेवढा धरून ठेवला. घरापर्यंतची चढण तिनं बसत, सरकत काढली. कालपासून गुडघा भोपळ्यासारखा सुजलाय आणि तिला उभं राहवत नाही.

करिष्मा सहा वर्षांची आहे. सगळी वाट ती आमच्याबरोबर चालली होती. आत्ता चुलीपुढचं रिकामं पाकीट तिनं उचललं, बोटांनी चुरगळलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं,

“आये, तू गोळी नसती दिली, तर आजी तिथं पोचली असती का?”