अठरा शेंबडी नाकं

शुक्रवारी टिल्डेला पाच वर्षं पूर्ण होणार होती आणि तिथल्या रीतीप्रमाणे अख्खी बालवाडी एकच लांब दोरी धरून रांगेत चालत तिच्या घरी येणार होती. अठरा मुलं, म्हणजे अठरा शेंबडी नाकं, हे तिच्या आईनं, सिसेलनं, केव्हाच मोजून ठेवलं होतं. टिल्डेच्या शरीरातल्या पहारेकरी पेशी, टी-पेशी, तिच्याच गुडघ्यांना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडत. त्यांना आवरायला दर बुधवारी मांडीत इंजेक्शन असे. औषध असं लागू पडलं होतं की पोरगी आता कुंपणावरून उड्या मारायची. पण पहारेकरीच थंडावले, तर त्या नाकांचं काय?

म्हणून या बुधवारी सिसेलनं इंजेक्शन फ्रिजमधून काढलंच नाही. गुरुवारी सकाळी मात्र मन खाऊ लागलं. बालवाडीतल्या शिक्षकाला, हेनिंगला, 'येऊ नका' असं कळवायच्या आधी तिनं दवाखान्यातल्या युटे नर्सला फोन लावला.

"म्हणजे पाहुण्यांसाठी पहारेकरी उठवायचा बेत होता तर!" युटे खो-खो हसली. "अगं, ते औषध अंगात कित्येक आठवडे राहतं. एक सुई चुकवून पहारा काही कडक होत नाही. चुकवत राहिलीस तर गुडघा मात्र पुन्हा फुगेल."

"पण पहारेकरी झोपलेत ना?"

"झोपलेत कुठले! टी-पेशीला कामाला लागायला दोन खुणा लागतात. दुसरी एक पेशी तिला संशयित तुकडा दाखवते, ही पहिली. मग तीच तिचा हात दाबते, 'हो, धाव!' ही दुसरी. आपलं औषध त्या दाबणाऱ्या हाताला जाड हातमोजा घालतं, दाब पोचतच नाही. पण सगळेच हात झाकले जात नाहीत गं. आणि आधी भेटलेले जंतू ओळखणाऱ्या जुन्या पेशींना त्या दाबाची फारशी गरज नसते."

"आणि कांजिण्या?"

"त्या तिला आधीच होऊन गेल्यात, रक्तात तपासलंय आपण. ताप आला तर लगेच फोन कर. आता सुई दे, आणि केक भाजायला घे."

शुक्रवारी अंगणात वाढदिवसाचे लाल-पांढरे झेंडे लागले आणि दोरी दारात येऊन थांबली. शेवटच्या टोकाला माल्थे, नाकाखाली दोन हिरव्या रेघा.

"सगळ्यांचे हात धुवून आणलेत," हेनिंग म्हणाला. "याचे दोनदा."

"हातांचं नाही रे, नाकाचं बोल!" सिसेल म्हणाली.

टेबलावर केकची बाई, म्हणजे बाईच्या आकाराचा भलामोठा केक, पसरली होती, केसांना ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या. वाढदिवसाच्या मुलीनं तिचा गळा कापायचा आणि बाकीच्यांनी किंचाळायचं, अशी तिथली रीत. वाढदिवसाचं गाणं संपलं. गोळ्या न्याहाळायला माल्थे वाकला आणि थेट केकच्या बाईच्या तोंडावर शिंकला.

केकचं ताट उचलून न्यायला सिसेलचा हात पुढे गेला. टिल्डे केककडे नव्हे, आईकडे बघत होती.

"आई, आता सगळे घरी जाणार?"

सिसेलनं ताट सोडलं आणि सुरी लेकीच्या हातात दिली. "घरी? मग गळा कोण कापणार?"

अठरा मुलांनी रीतीप्रमाणे जीव खाऊन किंकाळी फोडली. टिल्डेनं गळा कापला. सिसेलनं मुंडकं उचलून माल्थेच्या ताटलीत ठेवलं.

"अख्खं मला?"

"अख्खं. दुसरं कुणी खाईल का ते?"

"मीपण शिंकतो!" कुणीतरी ओरडलं, आणि अठरा नाकं पुढे सरसावली. हेनिंगनं उरलेली बाई डोक्यावर उचलून धरली. टिल्डे त्याच्याभोवती उड्या मारत होती, दोन्ही गुडघे ठणठणीत.