एकोणिसाचं दान

दिनेश सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर उभा राहायचा. पण शनिवारची पहिली पाळी सुटली, की त्याला वेध लागायचे नाशिकचे. कॉलेज रोडवर मोहिनीच्या घराच्या गच्चीवर एक खोली होती. तिथं तो दिनेश नसायचा. वज्रबाहू नावाचा योद्धा असायचा.

हा खेळ मोहिनीच्या आतेभावाने परदेशातून आणला होता. मोहिनी राज्य उभं करायची. जंगलं, भुयारं, शापित किल्ले, सगळं तिच्या तोंडून. बाकीचे तिघं त्या राज्यातले साहसवीर. हर्षल जादूगार, सायली धनुर्धारी आणि दिनेश वज्रबाहू. वार लागला की चुकला, दरी ओलांडली की कोसळलो, हे ठरवायचा वीस बाजूंचा एक निळा फासा. दोन वर्षांत या मंडळींनी मरणाची भीतीच टाकून दिली होती. वज्रबाहू एकदा राक्षसाच्या हातून मेला, एकदा विष पिऊन. दर वेळी मंदिरातल्या पुजाऱ्याला एखादं रत्न दिलं, की तो उठून बसायचा. एका शनिवारी तर हर्षलचा जादूगार जळून कोळसा झाला होता, आणि साबुदाणावडे संपायच्या आत जिवंतही झाला.

"दान पडलं की पडलं," हर्षल म्हणायचा. "साहसवीर रडत नाही. फाशाचं ऐकतो आणि पुढं चालतो."

हे वाक्य सगळ्यांनाच फार आवडायचं. दिनेशला तर इतकं, की तो निळा फासा खिशात घेऊन हिंडायचा.

२००५ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. पाळी संपवून दिनेश सिन्नर स्टँडबाहेर आला, तेव्हा नाशिकची काळी-पिवळी जीप निघायच्या बेतात होती. मागच्या दाराशी एकच जागा उरलेली. त्याने दाराच्या दांडीला हात घातला आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने आणखी एक हात आला. धोतर, टोपी, काखेत घट्ट धरलेली कापडी पिशवी. साठीचा गृहस्थ, धापा टाकत होता.

"पोरा, मला जाऊ दे रं," तो म्हणाला. "लेकीला लेक झाली. सकाळीच निरोप आला. ललिता माझी, पंचवटीत दवाखान्यात हे. म्हातारीनं डिंकाचे लाडू दिलेत, गरम हेत आजून."

"बसा की बाबा," एवढं म्हणून दिनेश बाजूला झाला असता, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण तो शनिवारच्या रंगात होता. खिशातून फासा काढून तो हसत म्हणाला, "बाबा, असं करू. मोठं दान ज्याचं, जागा त्याची."

म्हाताऱ्याने फासा हातात घेऊन फिरवून पाहिला. "आयला, ह्याला किती तोंडं!" जीपमधली माणसं माना बाहेर काढून बघू लागली. दिनेशने जीपच्या पायरीवर फासा टाकला. चार. म्हाताऱ्याने टोपी सारखी केली, मुठीत फुंकर मारली आणि फासा सोडला. एकोणीस.

सगळी जीप हसली. म्हातारा तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "धोंडीराम जिंकला म्हणून सांगतो लेकीला!" असं ओरडत तो आत बसला. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "झाला का तुमचा तमाशा?" दिनेशने पायरीवरचा फासा उचलला आणि जीप गेली.

दिनेशला मागून एसटी मिळाली. मोहदरी घाटात ती थांबली ती थांबलीच. पुढं रांग लागली होती. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकने मागून कुणाला तरी उडवल्याचं एसटीतले लोक बोलू लागले. दिनेश उतरून चालत पुढं गेला. जीप कठड्याला टेकून आडवी पडली होती. तिचा मागचा भाग उरलाच नव्हता. डांबरावर लाडू विखुरले होते. त्यातला एक कुणाच्या तरी पायाखाली चिरडला गेला होता आणि तुपाचा वास येत होता.

पोलिसांनी झाकलेल्या एका चेहऱ्यावरची चादर वर केली. "ह्याच्याजवळ काहीच नाही. ओळखता का कुणी?"

दिनेशने धोंडीरामला ओळखलं, पण तो मागं सरला. पोलीस पुढच्या माणसाकडे वळला. मग कुणीतरी दिनेशला दंडाला धरून परत एसटीत बसवलं.

मोहिनीच्या खोलीत तो पोचला तेव्हा तिघं नकाशा पसरून बसले होते. त्याने तुटक तुटक सगळं सांगितलं. मग हर्षल उठला आणि त्याने दिनेशला कडकडून मिठी मारली.

"अरे, चार पडले म्हणून वाचलास! काय दान आहे! हा फासा आता काचेत ठेवू आपण."

"त्या बिचाऱ्याच्या नशिबात होतं रे," सायली हळूच म्हणाली. "तू काय करणार?"

दोघंही वाईट नव्हते. दोन वर्षं याच खोलीत तोही असंच बोलत आला होता. आणि आता तीच वाक्यं त्याला ऐकवेनात.

"त्याला उठवायला कुठला पुजारी आणू, सांग ना," तो म्हणाला. "तू जादूगार आहेस ना? सांग!"

हर्षल मागं सरला.

मोहिनीने स्कूटीची किल्ली उचलली. "मुलीचं नाव काय म्हणाले होते?"

"ललिता. पंचवटीत."

"मग तिचे वडील कुठं आहेत, हे आख्ख्या नाशकात फक्त तुला माहीत आहे. चल."

पंचवटीतले दवाखाने पालथे घालत ते एका लहानशा प्रसूतिगृहाशी आले. वॉर्डाच्या दारात पाऊल वाजलं, तशी खाटेवरची मुलगी उठून बसली. "आण्णा?" दिनेशला पाहून ती हिरमुसली. शेजारी तिचा नवरा चंदर बाळाच्या नव्या टोपड्याच्या गुंतलेल्या नाड्या सोडवत होता. दिनेशने त्याला बाहेर बोलावलं आणि सांगितलं. चंदर भिंतीला टेकून सावकाश खाली बसला. टोपडं त्याच्या हातातच होतं.

आत कसं कळलं कोण जाणे. "त्यांना आत बोलवा," ललिताचा आवाज आला.

दिनेशने तिला सगळं सांगितलं. फाशाचंही. ती शिव्या देईल, हाकलून देईल, असं त्याला वाटलं; तसं झालं असतं तर बरंच झालं असतं. ती मात्र रडता रडता थांबून विचारत होती, "हसले होते? खरंच?"

"खूप हसले. सगळी जीप हसली."

"तुमचं दान मोठं पडलं असतं, तरी ते मागं राहिले असते का?" ती म्हणाली. "मागं लटकून आले असते. दिवाळीला टपावर बसून आले होते. लेकीकडं निघालेला माणूस. फाशाला कोण विचारतंय, दादा?"

दिनेशला वाटलं होतं, क्षमा मिळाली की सुटल्यासारखं वाटेल. तसं झालं नाही. आतापर्यंत सगळं फाशावर ढकलता येत होतं. आता तीही सोय राहिली नव्हती. एक माणूस लेकीला भेटायला निघाला होता आणि पोचला नाही, एवढंच शिल्लक उरलं होतं. तो खाटेचा दांडा धरून लहान मुलासारखा रडला.

त्या संध्याकाळी चंदरबरोबर सरकारी दवाखान्यात तोच गेला. दोघांनी मिळून ओळख पटवली. दुसऱ्या दिवशी मोहिनी, सायली आणि हर्षलही अंत्यविधीला आले. हर्षल सगळ्यांच्या मागं उभा होता. कुणाकडे न बघता तो म्हणाला, "मी काय बोललो रे काल!"

नंतर खेळ पुन्हा सुरू झाला, पण दिनेश गेला नाही. मोहिनीने आपल्या राज्यातली मंदिरं बंद केल्याचं त्याला सायलीकडून कळलं. जादूगार दरीत कोसळून मेला, तेव्हा त्याला कुणी उठवलं नाही.

बारशाला चंदरने दिनेशला बोलावलं. धोंडीरामची बायको, नवसाबाई, भिंतीशी बसली होती. तिने त्याला शेजारी बसवून घेतलं.

"तू शेवटचा बोललास ना त्यांच्याशी? काय म्हणले?"

त्याने सांगितलं. शब्दन् शब्द. ती मान हलवत ऐकत राहिली.

"आन् आजून?"

तो अडखळला. मिशीवाल्या राजांपुढं आणि बोलणाऱ्या अस्वलांपुढं त्याने दोन वर्षं वज्रबाहूच्या तोंडी भराभर वाक्यं घातली होती. या बाईसाठी एखादं गोड वाक्य रचणं काहीच अवघड नव्हतं. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

"एवढंच, मावशी," तो म्हणाला. "गाडी निघाली लगेच."

आत पाळण्याभोवती बायका जमत होत्या. नवसाबाईने पदराने तोंड पुसलं आणि त्याच्याकडे सरकली.

"मंग तेच परत सांग. सावकाश सांग."