फिरत्या ढालीवरची यंदाची पट्टी

तिला वाटलं होतं, मी काचेच्या कपाटात असेन. येता-जाता लोक थांबत असतील, माझ्यावरची नावं मुलांना वाचून दाखवत असतील. दूरच्या शहरातलं शिक्षण संपवून ती परत आली, नगराची अग्निशमन अधिकारी झाली आणि पहिल्याच आठवड्यात मला शोधत उद्यान विभागात आली. तेव्हा मी भिंतीवरची ओल झाकायला टांगलेली होते आणि माझ्या कोपऱ्याला शिपायाची छत्री लटकत होती.

"ही अशी?" तिच्या तोंडून निघालं.

"खिळा पक्का आहे, ताई," शिपाई म्हणाला. "छत्री काय, सायकल टांगली तरी पडायची नाही."

मी या नगराची फिरती ढाल बोलतेय. माझ्या छातीवर 'उत्कृष्ट लोकसेवा' असं कोरलेलं आहे आणि भोवती पितळेच्या छोट्या पट्ट्यांवर मला मिळवणाऱ्यांची नावं आहेत. त्या दिवशी तिने छत्री काढून ठेवली, ओढणीने माझी धूळ पुसली आणि एका पट्टीवर बोट फिरवलं. ते तिच्या बाबांचं नाव होतं. तिच्या लहानपणी ते मला वर्षभरासाठी घरी घेऊन आले होते, तेव्हा ती झोपायच्या आधी मला हात लावून जायची.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यातला. सागवानाच्या फळीला त्याने इतकं घासलं, की मला वाटलं आता माझा भुसाच होणार. पहिल्या वर्षी मी एका परिचारिकेकडे गेले. तापाच्या साथीत ती घरोघर फिरली होती. मला हातात घेताना ती रडली, कारण तिला वाटत होतं, नाव पुकारण्यात काहीतरी गोंधळ झालाय.

दुसऱ्या वर्षी दोन विभाग माझ्यासाठी हातघाईवर आले. मग मोठ्यांनी तोडगा काढला: पाळी लावायची. त्यानंतर आधी माणूस ठरू लागला आणि मग त्याचं काम शोधलं जाऊ लागलं. भाषणं मात्र तीच राहिली. मी बऱ्याच भिंतींवर लटकले, पण कुणाच्या डोळ्यांत पाणी पुन्हा पाहिलं नाही.

यंदा पाळी अग्निशमन दलाची होती.

पण तिने काम खरंच केलं होतं. कापड बाजारातले आगीचे लाल नळ वर्षानुवर्षं गंजून पडले होते. तिने पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पाणीवाल्यांकडे इतके खेटे घातले, की तिला येताना पाहून ते मागच्या दाराने निघून जात. शेवटी काम झालं. हमरस्त्यावरचे नळ तिने स्वतः सोडून पाहिले. गल्लीतलेही झाले, असं तिचे वरिष्ठ, दलप्रमुख म्हणाले. रंग ताजा होता, झाकणं नवी होती. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर तिने सही केली.

समारंभाच्या आदल्या दिवशी ती मला न्यायला कोरीवकाम करणाऱ्याच्या दुकानात आली. त्याचं दुकान कापड बाजाराच्या आतल्या गल्लीत. दोन्ही बाजूंना छतापर्यंत कापडाचे गठ्ठे आणि मधून दोन माणसं जेमतेम जातील एवढी वाट. तिच्या नावाची पट्टी त्याने माझ्यावर नुकतीच बसवली होती.

"घ्या, तुमचं सोनं," तो म्हणाला. "पण एक करा. आमच्या दारातला हा नळ एकदा सोडून दाखवा. शेजारचा म्हणतो, नुसता शोभेचा आहे. त्याचं तोंड बंद करायचंय मला."

"आत्ता दाखवते," ती हसून म्हणाली. मला त्याच्या फळीवर ठेवून तिने बंबाच्या चालकाला नळ उघडायची चावी आणायला सांगितलं. त्या चालकाला सगळे भोंगा म्हणत. बंबाचा आवाज एकवेळ थांबेल, याचा थांबत नसे.

"मागे सरका! भिजाल!" भोंगा ओरडला. माणसं गठ्ठ्यांवर चढून बघू लागली.

चावी फिरली. नळ खोकला, त्यातून चिमूटभर गंज गळला आणि आतली हवा सुस्कारा टाकून निघून गेली. तिने आणखी फिरवली. काही नाही. ती पळतच पुढच्या नळाकडे गेली, मग त्याच्या पुढच्या. तिथेही तेच.

"पाणी लाजतंय वाटतं," शेजारचा दुकानदार म्हणाला. गल्ली हसली.

ती हसली नाही. तिची नजर दुकानांच्या उंबऱ्यांवर फिरत होती. "तुमच्या दारांत वाळूच्या बादल्या असायच्या ना? पाण्याची पिंपं?"

"काढून टाकली की," कोरीवकाम करणारा सहज म्हणाला. "तुमचे नळ आले, मग बादल्यांत कोण अडखळत बसणार?"

तिने मला उचललं आणि ती घाईने गल्लीबाहेर पडली.

घरी बाबांनी मला मांडीवर घेतलं आणि चष्मा वर सरकवून नवी पट्टी वाचली. "माझ्या शेजारीच लागलीस की गं!"

"बाबा, तुम्हाला ही कशाबद्दल मिळाली होती?"

ते बराच वेळ पितळेवरचा डाग पुसत राहिले. तो डाग निघणारा नव्हता. "त्या वर्षी आमच्या विभागाची पाळी होती, बाळा. कामात मी कधी कसूर केली नाही. पण ही कामाकडे बघून आली नव्हती. तू एवढी नाचलीस घरभर, मग सांगवलं नाही."

तेवढ्यात दलप्रमुख आले. भोंग्याने बातमी पोचवली होतीच.

"पोरी, चूक माझी धर," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "हमरस्त्याखालची मुख्य जलवाहिनी बदलली तेव्हा गल्लीची जोडणी राहून गेली. झालं असं पाणीवाल्यांनी मला सांगितलं, मी तुला सांगितलं."

"सही माझी आहे, साहेब."

"असू दे. आठवड्यात जोडून घेतो. तोवर बोलू नकोस. उद्या समारंभाचे पाहुणे आपल्याला दुसरा बंब जाहीर करणार आहेत. तू गवगवा केलास, तर बंब राहील बाजूला आणि चौकशी लागेल."

"आणि आठवड्यात आग लागली तर?"

"आणि नदीपलीकडे लागली तर? मागच्या खेपेला आपला एकुलता बंब दुसऱ्या टोकाला होता. आपण पोचलो तेव्हा एक बाई घराच्या राखेतून भांडी उचलत होती. तिने माझ्याकडे मान वर करूनसुद्धा बघितलं नाही." "लाज आपली जाईल गं, पण बंब गावाचा आहे."

बाबांनी पाण्याचा पेला पुढे केला, तो तसाच राहिला. मला वाटलं, ती गप्प बसेल. मी इतकी माणसं गप्प बसलेली पाहिली आहेत, आणि त्यांतली सगळीच वाईट नव्हती.

सकाळी ती मला घेऊन अग्निशमन केंद्रावर आली. बंब धुऊन चकचकीत केलेला होता. त्याला सभागृहाच्या दारात उभं करायचं, पाहुणे त्याच्यापुढे फोटो काढणार, असं ठरलेलं होतं. दलप्रमुख कडक इस्त्रीच्या गणवेशात होते. तिच्या काखेत पत्र्याच्या पाट्यांचा भारा होता. रंग अजून ओला होता. प्रत्येक पाटीवर एकच ओळ: या नळाला पाणी नाही.

"बंब कापड गल्लीच्या तोंडाशी लाव," ती भोंग्याला म्हणाली. "टाकी काठोकाठ भरून. नळ जोडले जाईपर्यंत तिथून हलायचं नाही. नदीपलीकडून हाक आली, तरच."

"आणि समारंभ?"

"त्याला बंब कशाला? तिथे काही पेटलेलं नाही."

भोंगा टाकी भरायला वळला.

"पोरी, दुसरा बंब गेला समज," दलप्रमुख म्हणाले.

"त्यासाठी मी पुन्हा खेटे घालीन, साहेब. पण बादल्या त्यांनी आपल्या भरवशावर काढल्यात. त्या परत ठेवा, हे त्यांना आत्ता सांगितलं पाहिजे, आणि ते मीच सांगितलं पाहिजे."

तिने पेचकस घेतला आणि स्क्रू सोडवून स्वतःच्या नावाची पट्टी काढली. मग मला दलप्रमुखांच्या हातात दिलं. त्यांनी मला धरलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही. ती पाट्या घेऊन बंबात चढली.

आता मी सभागृहात मंचावरच्या टेबलावर आहे. माझ्या कडेला स्क्रूची दोन भोकं उघडी आहेत. दलप्रमुख पहिल्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसलेत आणि नगरपालिकेचे मोठे साहेब त्यांच्या कानाशी वाकून रागाने काहीतरी विचारताहेत. नाव पुकारायला थोडाच अवकाश आहे. कुणाचं पुकारतील, मला ठाऊक नाही.

पण तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. घाईघाईत दुसऱ्या कुणाची पट्टी इथे ठोकू नका. यंदा ही दोन भोकं अशीच राहू द्या. आणि पुढे कधी मला कुणाच्या हाती द्यायचं झालंच, तर टाळ्या वाजवण्याआधी एकदा त्याचा नळ सोडून बघा.