अठ्ठावीस सेकंदांची गायिका

टॉर्चचे सेल बनवणाऱ्या कंपनीने आपल्या जुन्या जाहिरातगीतांचे दालन उघडायचे ठरवले आणि त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गीताखाली माझ्या ताईऐवजी मैनेचे नाव घातले. शेजारी मैनेचा फोटोही. वर्तमानपत्रातली ती बातमी वाचून ताईने पेपराची घडी केली, चष्मा काढला आणि म्हणाली, "मैना गेली, तिच्याशी भांडण नाही. पण तू अजून आहेस, मीटर."

मीटर म्हणजे मी. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन मी ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत लागलो. माझी नजर सदैव आवाजाच्या काट्यावर खिळलेली असे, त्यावरून हे नाव पडले. ताई त्याच स्टुडिओच्या कचेरीत टंकलेखिका होती. साठच्या दशकातले ते दिवस. गिटारवाल्या पोरांचे गट जागोजागी उगवले होते. एकसारखे कोट, कपाळावर आलेले केस. दिवसा साबण, सायकली आणि सेल यांची गाणी म्हणायची, संध्याकाळी स्वतःची. त्यांपैकी एक चौकडी आमच्याकडे नेहमी येई. मैना त्यांची गायिका.

सेलच्या गाण्याच्या दिवशी मैनेचा घसा बसला. स्टुडिओची वेळ संपत आली होती. गाण्याचा कागद ताईनेच टंकलेला असल्याने शब्द तिला पाठ होते. ड्रमवाला तिला म्हणाला, "टाइपरायटरवर ठेका धरता ना? तोच इथे धरा." ताई माइकसमोर उभी राहिली आणि चौथ्या टेकला अठ्ठावीस सेकंदांचे ते गाणे झाले:

"अंधार असू दे, असू दे! माझ्या हाती दिवस आहे!"

टेपच्या खोक्यावरचे लेबल मी लिहिले. ज्यांच्याशी करार, त्यांचेच नाव, असा नियम होता. मी नियम पाळला आणि गायिकेच्या रकान्यात मैनेचे नाव घातले. ताई तेव्हा हसली. ते हसणे मी संमती समजलो. मोजमापात मी सहसा चुकत नसे. पण ही चूक मोजमापातली नव्हती.

मी कंपनीच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याला फोन लावला.

"काका, गोदामाच्या यादीत स्पष्ट मैना लिहिलंय," तो म्हणाला.

"यादी लेबलावरून केली. लेबल मी लिहिलं."

"मग झालं की! तुम्हीच लिहिलंय."

"ते खोटं आहे."

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत?"

"हो."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मूळ टेप असती तर ऐकून ठरवता आलं असतं. ती खराब झाली, रद्द केलीय. आमच्याकडे फक्त तबकडीवरची प्रत आहे, आणि आवाज मैनेसारखाच वाटतो."

मी वही केली. कोणाला भेटलो, कधी, काय उत्तर मिळाले, असे तीन रकाने आखले. एकोणीस दिवसांत अकरा माणसे झाली. स्टुडिओच्या जागी आता फरशांचे दुकान होते. जाहिरात संस्था दोनदा विकली गेली होती. ड्रमवाला चष्म्याचे दुकान चालवत होता. तो म्हणाला, "मला लख्ख आठवतंय. पण माझ्या आठवणीला शिक्का कुठून आणू?" बाराव्या नोंदीला मी कंपनीच्या गोदामात पोहोचलो.

गोदाम सांभाळणाऱ्या बाईंनी मला मागच्या भिंतीपाशी नेले. तिथे एक्केचाळीस खोकी रचलेली होती आणि प्रत्येकावर जांभळा शिक्का होता: खराब.

"दोन वर्षांपूर्वी दोघं जण मशीन घेऊन आले होते, टेपा कॉम्प्युटरवर उतरवायला," बाई म्हणाल्या. "यातली एकूण एक लावून पाहिली. नुसते घोगरे हुंकार. म्हणून शिक्के मारले. सोमवारी भंगारात जाणार."

"सगळ्याच खराब?"

"या स्टुडिओच्या सगळ्या. बाकीच्यांच्या ठणठणीत आहेत."

मी हसू लागलो. बाईंना वाटले, म्हाताऱ्याला धक्का बसला. त्यांनी स्टूल पुढे केले.

एकाच स्टुडिओच्या सगळ्या टेपा बिघडत नसतात. आमच्याकडे टेप वाजवून झाली की ती मागे गुंडाळायची नाही, शेवटाचे टोक वर ठेवून तशीच कपाटात ठेवायची, अशी पद्धत होती. त्यामुळे फीत सैल पडत नाही. ऐकण्याआधी ती मागे गुंडाळून घ्यायची, हे आमच्यातला झाडूवालासुद्धा जाणत होता. ओळखीसाठी शेवटाला लाल पट्टी चिकटवत असू. आता डिंक वाळून त्या पट्ट्या सुटल्या होत्या आणि खोक्यांच्या तळाशी लाल कपटे पडले होते. त्या दोघांनी एक्केचाळीस टेपा शेवटाकडून सुरुवातीकडे ऐकल्या आणि एक्केचाळीस शिक्के मारले.

दुसऱ्या दिवशी मी माझे जुने मशीन टॅक्सीत घालून आणले. रीळ गुंडाळून घेतले आणि कळ दाबली. लेबले सुटतात म्हणून टेकचा क्रमांक आणि गाणाऱ्याचे नाव टेपवरच बोलून ठेवायचा आमचा शिरस्ता होता. बावीस वर्षांचा मी बोललो:

"सेलचे गीत. टेक चार. आवाज, ताई."

लगेच ताईचा आवाज: "अरे, ताई काय? मी काय सगळ्या जगाची ताई आहे? नाव सांग नीट!"

चौकडी खो खो हसली. मग माझ्या ओशाळ्या आवाजात ताईचे संपूर्ण नाव, आणि लगोलग गाणे.

बाई स्टुलावर बसल्या. "तुम्ही ही घेऊन जा. खराब मालाची चिठ्ठी करून देते."

"पण ही खराब नाही."

"शिक्का आहे ना? मग खराबच. आणि खराब माल कुणीही नेऊ शकतो."

"बाकीच्या चाळीसांवरचे शिक्के खोडा."

"तो अधिकार मला नाही," बाई म्हणाल्या. मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पण सोमवारी माझं डोकं भयंकर दुखणार आहे. आत्तापासूनच ठणकतंय. गोदाम उघडायचं कुणी?"

दालन उघडायच्या आदल्या सकाळी ताई आणि मी अधिकाऱ्याच्या टेबलावर मशीन ठेवले. त्याने टेप ऐकली. पुन्हा ऐकली. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "ठीक आहे. असं करू, कुणाही व्यक्तीचं नाव नको. फक्त गटाचं ठेवू. वाद मिटेल."

"मैनेचं नाव होतं तोवर व्यक्ती चालत होती," ताई म्हणाली. "माझं आलं आणि लगेच तुम्हाला गट आठवला?"

"आजी, एवढ्या वर्षांनी तुम्हाला काय फरक पडतो?"

"काहीच फरक पडत नसेल, तर लिहायला हरकत कसली?"

तो माझ्याकडे वळला. "काका, आधीची नोंद चुकीची कशी, असं लोक विचारतील."

"माझ्यामुळे. तेही छापा. ध्वनिमुद्रकाचा निष्काळजीपणा म्हणा."

"भित्रेपणा म्हणा," ताई म्हणाली.

मी मान डोलावली. तेच बरोबर होते.

अधिकाऱ्याने शेवटचा पत्ता टाकला. "टेप कंपनीची मालमत्ता आहे. ती इथेच ठेवावी लागेल."

मी बाईंची चिठ्ठी पुढे केली. "कंपनीनं ही खराब म्हणून टाकली आणि मी उचलली. उद्या आत तुमची तबकडी वाजेल, तेव्हा मी हे मशीन घेऊन दाराबाहेर फुटपाथवर बसेन. येईल त्याला टेक चारची सुरुवात ऐकवीन. तुमचं दालन किती दिवस आहे?"

"तीन महिने."

"चालेल. मी निवृत्त आहे. खुर्ची घरून आणतो."

"आणि मी शेजारी बसेन," ताई म्हणाली. "हीच ती, असं दाखवायला."

त्याने आमच्याकडे आळीपाळीने पाहिले, छपाईवाल्याला फोन करून गीताचा फलक थांबवायला सांगितला आणि कीबोर्ड पुढे ओढला. ताईने सांगितलेले नाव टाइप केले.

"वाचा," ताई म्हणाली.

त्याने पुटपुटत वाचले.

"मोठ्यानं. त्या कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत जाऊ दे."

त्याने मोठ्याने वाचले. कोपऱ्यातली डोकी वर झाली. कुणीतरी विचारले, "कोण हो या?"

"मी," ताई म्हणाली. मग ती अधिकाऱ्याकडे वळली. "त्या नावाआधी गायिका असं लिहा. आणि छापलेला कागद हातात येईपर्यंत मी काही जात नाही."

ती बसलीही नाही.